जुन्या गाडीची तब्येत कोण तपासणार?

ऑकलंडला राहणाऱ्या माझ्या भाचीचा गेल्या वर्षी एका दुपारी फोन आला. ओपीडी नुकतीच आटोपली होती. आवाजावरून वाटलं, घरात कुणी आजारी असावं. तर म्हणाली, "मामा, आमची गाडी नापास झाली रे!"

गोष्ट अशी. तिने आणि जावयाने एका एजंटमार्फत जपानमधल्या लिलावातून सात वर्षं जुनी हायब्रिड गाडी घेतली होती. किंमत चांगली, मीटरवरचा आकडा कमी आणि लिलावाच्या कागदावर शेराही बरा. गाडी जहाजाने आली. जकात खात्याचे सोपस्कार झाले, पंधरा टक्के जीएसटी भरून झाला. मग तिथल्या नियमानुसार रस्त्यावर आणण्याआधीची तपासणी झाली. गाडी उचलून खालून पाहिल्यावर तपासनिसाने लिहून दिलं की, सांगाड्याच्या भागाला गंज आहे. आधी मान्यताप्राप्त तज्ज्ञाच्या देखरेखीखाली दुरुस्ती करा, त्याचा दाखला आणा, मग पुन्हा तपासू.

भाची चिडली होती. "गाडी इतकी गुळगुळीत चालते. जपानमध्ये पास होती. मग इथे हा कागदांचा खेळ कशाला? नुसते पैसे काढायचे धंदे!"

मी म्हटलं, "अगं, दुसऱ्या दवाखान्यातून रेफर होऊन आलेल्या पेशंटला मी नुसती चिठ्ठी वाचून औषध देतो का? चिठ्ठी कितीही मोठ्या डॉक्टरची असो, नाडी मी पुन्हा बघतोच."

ती हसली, पण पटलं नव्हतं. त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यात राहिला. आरोग्याच्या सदरात गाड्यांचं काय काम, असं काही वाचकांना वाटेल. पण महामार्गालगतच्या सरकारी रुग्णालयात ज्याची बरीच वर्षं गेली आहेत, त्याला गाडीची तब्येत आणि माणसाची तब्येत वेगळी काढता येत नाही. २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं गेली. त्यातली सुमारे १५ हजार महाराष्ट्रातली. आपल्या कुठल्या साथीच्या रोगाने दरवर्षी इतके बळी घेतले असते, तर आपण एव्हाना घरोघरी सर्वेक्षण सुरू केलं असतं.

आधी न्यूझीलंडचं थोडं समजून घेऊ, कारण जुन्या जपानी गाड्यांचा अनुभव त्या देशाइतका फार थोड्यांना आहे. तिथले मोटार जुळणीचे शेवटचे कारखाने १९९८ साली बंद झाले. त्याआधीच, ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून, जपानच्या वापरलेल्या गाड्या तिथे येऊ लागल्या होत्या. दोन्ही देशांत वाहतूक डावीकडून, स्टिअरिंग उजवीकडे. जपानमध्ये 'शाकेन' नावाची सक्तीची तपासणी असते. नव्या गाडीची पहिली तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी. ती खर्चिक असते. त्यामुळे गाडी धडधाकट असतानाच विकून टाकण्याकडे तिथे कल असतो. त्या गाड्या लिलावात येतात आणि तिथून न्यूझीलंड, केनिया, श्रीलंका, पाकिस्तान, बांगलादेश अशा देशांत जातात. मध्यमवर्गीय कुटुंबाला कमी पैशांत चांगली गाडी मिळते, यात वाईट काहीच नाही.

पण वापरलेली गाडी म्हणजे पूर्वेतिहास असलेला रुग्ण. तो कुठे राहिला, काय खाल्लं, कधी पडला, कुठलं ऑपरेशन झालं, हे चेहऱ्यावरून कळत नाही. जपानच्या लिलावात प्रत्येक गाडीबरोबर तपासणीचा एक कागद असतो. त्यावर गाडीचं चित्र काढून ओरखडा, पोचा, बदललेला भाग, गंज यांच्या खुणा अक्षरांनी केलेल्या असतात. मोठा अपघात होऊन दुरुस्त झालेल्या गाडीला वेगळी श्रेणी देतात. म्हणजे केस पेपर असतो, फक्त तो जपानीत असतो. भाचीने आणि जावयाने वरचा आकडा पाहिला आणि किंमत पाहिली. गाडीच्या चित्रापाशी गंजाची खूण होती, ती त्यांनी नंतर शोधून काढली. जपानच्या उत्तर भागात, होक्काइडोसारख्या बर्फाळ प्रदेशात, रस्त्यावरचा बर्फ वितळवायला क्षार टाकतात. त्याने गाडीचं पोट खालून गंजतं. वरून रंग मात्र नव्यासारखा चकाकत राहतो. आमच्या भाषेत सांगायचं तर बाहेरून तुकतुकीत आणि आतून हाडं ठिसूळ.

हा गंज इतका महत्त्वाचा का, हे समजायला थोडं शाळेतलं विज्ञान पुरे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी भिंतीवर आदळली, की आतल्या माणसाचा वेगही क्षणात शून्यावर यावा लागतो. गाडीचा पुढचा भाग चुरगळत साठ सेंटिमीटर आत गेला आणि पट्ट्याने बांधलेला माणूस तेवढ्या अंतरात थांबला, तर त्याच्या शरीरावर त्याच्या वजनाच्या साधारण सोळा पट जोर येतो. पट्टा, बरगड्या, स्नायू हे सगळं मिळून तो बऱ्याचदा सोसता येतो. हेच थांबणं तीस सेंटिमीटरमध्ये झालं तर जोर दुप्पट होतो. म्हणून गाडीचा पुढचा भाग मुद्दाम चुरगळेल असा बनवतात आणि माणसं बसतात तो पिंजरा चुरगळणार नाही असा बनवतात. गंजलेल्या किंवा ठोकून-ठाकून सरळ केलेल्या सांगाड्यात हा हिशेबच बिघडतो. जो भाग दबायला हवा तो दबत नाही आणि जो टिकायला हवा तो दुमडतो. मग पाय अडकतात, मांडीचं हाड मोडतं, छातीला स्टिअरिंग लागतं. या जखमा आम्ही रोज शिवतो. त्या तपासनिसाने टॉर्च मारून जे पाहिलं, ते गंजाचे डाग नव्हते. उद्याचा एक्स-रे होता.

अशा प्रत्येक नियमामागे एखादी जखम असते, असं मला वाटतं. न्यूझीलंडने १ मार्च २०२० पासून आयात होणाऱ्या वापरलेल्या मोटारींसाठी, जुन्या संग्राह्य गाड्यांसारखे अपवाद वगळता, इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल सक्तीचं केलं. ओल्या वळणावर गाडी घसरू लागली की ही यंत्रणा एकेका चाकाला वेगवेगळा ब्रेक लावून ती ताब्यात ठेवते. तिच्याशिवाय गाडी चालत नाही का? चालते. पण वळणावर झाडावर जाऊन आदळणाऱ्या एकट्या गाडीचे अपघात या यंत्रणेने कमी होतात, हे अनेक देशांच्या अभ्यासांत दिसलं आहे. लहान मुलाच्या खुर्चीचंही तसंच. खुर्चीचा वरचा पट्टा अडकवायला मागे एक बोल्ट लागतो. जपानहून आलेल्या कित्येक गाड्यांत त्याची जागा असते, बोल्ट नसतो. तो नसला तर धडकेत मुलाचं डोकं बरंच पुढे झेपावतं आणि समोरच्या सीटवर आपटतं. किंमत किरकोळ, पण त्यावर एका मेंदूचं भवितव्य ठरतं.

किड्यांबद्दलचा नियम तर भाचीला सर्वांत हास्यास्पद वाटला होता. गाडीत किडा शोधतात म्हणे! पण फेब्रुवारी २०१८ मध्ये जपानहून हजारो गाड्या घेऊन आलेली काही जहाजं न्यूझीलंडने खरोखरच परत पाठवली होती, कारण त्यांत फळबागा उद्ध्वस्त करणारा एक दुर्गंधी ढेकूण सापडला होता. तेव्हापासून जपानहून येणाऱ्या गाड्यांना उष्णता देऊन निर्जंतुक करण्यावर भर आला. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. आपला हापूस जपानला पाठवायचा तर त्यालाही फळमाशीसाठी वाफेची प्रक्रिया करावी लागते. जपान आपला आंबा तपासून घेतं, न्यूझीलंड जपानची गाडी तपासून घेतं. याला क्वारंटाइन म्हणतात आणि हा शब्द आता आपल्याला परका राहिलेला नाही.

आता सर्वांत गंभीर गोष्ट, एअरबॅगची. ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगा जगातल्या अनेक कंपन्यांच्या गाड्यांत बसवल्या गेल्या होत्या. एअरबॅग क्षणार्धात फुगवण्यासाठी तिच्यामागे धातूच्या डबीत स्फोटक भरलेलं असतं. ताकाताने त्यासाठी अमोनियम नायट्रेट वापरलं. दमट हवा आणि उन्हाळ्याची उष्णता यांत वर्षानुवर्षं राहिलं, की या रसायनाच्या गोळ्यांची रचना बदलते आणि ते गरजेपेक्षा फार वेगाने जळतं. मग पिशवी फुगण्याऐवजी डबीच फुटते आणि तिचे तुकडे चालकाच्या गळ्यात, चेहऱ्यात घुसतात. २०१४ साली अमेरिकेत, फ्लोरिडातल्या ऑर्लँडो शहरात, एका किरकोळ धडकेनंतर एका महिलेच्या मानेवर अशा जखमा आढळल्या की पोलिसांना आधी ती चाकूहल्ल्याची केस वाटली. ती वाचली नाही. त्यानंतर काही दिवसांनी तिच्या घरी कंपनीचं पत्र आलं, की तुमच्या गाडीची एअरबॅग सदोष आहे, बदलून घ्या.

जगभरात या दोषाने तीसहून अधिक बळी घेतले. कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि २०१७ साली कंपनीचं दिवाळं वाजलं. एखाद्या दोषासाठी गाड्या परत बोलावणं, ज्याला आता सगळेच 'रिकॉल' म्हणतात, ते मोटारींच्या इतिहासात एवढ्या मोठ्या प्रमाणावर कधी झालं नव्हतं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी २०१८ साली रिकॉल सक्तीचा केला. त्यातल्या सर्वांत धोकादायक, 'अल्फा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एअरबॅगा असलेल्या गाड्या न्यूझीलंडने आयातीलाही बंद केल्या. भारतातही अनेक कंपन्यांनी या एअरबॅगांसाठी गाड्या परत बोलावल्या. आता विचार करा. अशी एक गाडी पहिल्या मालकाकडून दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे गेली, तर कंपनीचं पत्र कुणाच्या पत्त्यावर जाणार? तिसरा मालक कोकणासारख्या दमट, उकाड्याच्या भागात ती गाडी उन्हात उभी करत असेल तर? हा औषधाचा दुष्परिणाम आहे आणि तो पेशंटपर्यंत पोचवण्याची व्यवस्थाच आपल्याकडे नीट नाही.

नियम नसतील तर काय होतं, तेही पाहायला मिळतं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२० साली वापरलेल्या गाड्यांच्या व्यापारावर अहवाल काढला. २०१५ ते २०१८ या काळात युरोप, जपान आणि अमेरिका यांनी सुमारे १ कोटी ४० लाख वापरलेल्या छोट्या गाड्या निर्यात केल्या. त्यातल्या जवळपास ८० टक्के गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत गेल्या, निम्म्याहून अधिक आफ्रिकेत. ज्या १४६ देशांचा अभ्यास झाला त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश देशांचे आयातीचे नियम कमजोर किंवा अतिकमजोर निघाले. केनियाने मात्र आठ वर्षांहून जुनी गाडी घ्यायची नाही आणि जहाजावर चढण्याआधीच तपासून घ्यायची, असं धोरण ठेवलं. ज्यांनी दार सताड उघडं ठेवलं, त्यांच्याकडे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून घेतलेल्या गाड्याही गेल्या. या कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम हे मौल्यवान धातू असतात, म्हणून तो काढून विकतात. पण तोच भाग धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडचं आणि नायट्रोजनच्या घातक ऑक्साइडांचं रूपांतर निरुपद्रवी वायूंत करत असतो. तो काढला की गाडीला काही होत नाही. होतं ते रस्त्याकडेला राहणाऱ्या दमेकरी मुलाला.

मग भारताचं काय? आपण वापरलेल्या परदेशी गाड्यांसाठी दार जवळजवळ बंदच ठेवलं आहे. गाडी तीन वर्षांहून जुनी नको, स्टिअरिंग उजवीकडे हवं, हेडलाइटचा झोत डाव्या बाजूच्या वाहतुकीला साजेसा हवा, आयातीनंतर किमान पाच वर्षं रस्त्यावर चालण्याजोगी हवी आणि ती फक्त मुंबई बंदरातूनच आली पाहिजे. बंदरातून सुटण्याआधी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासणी करून घ्यावी लागते. शुल्क तर गाडीच्या किमतीच्या वर जातं. त्यामुळे जपानची जुनी गाडी आणण्याच्या भानगडीत आपल्याकडे सामान्य माणूस पडत नाही. देशाच्या उद्योगाच्या दृष्टीने ते धोरण योग्य की अयोग्य, हा अर्थतज्ज्ञांचा प्रश्न.

माझा प्रश्न वेगळा आहे. समुद्रापलीकडून येणाऱ्या जुन्या गाडीसाठी आपण एवढी कडेकोट तपासणी ठेवली आणि शेजारच्या गल्लीतून येणाऱ्या जुन्या गाडीसाठी काय ठेवलं? फॉर्म २९ आणि फॉर्म ३०. विमा आणि पीयूसी. फार तर चासी नंबरचा पेन्सिलने काढलेला ठसा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते. त्या काळात ती चार वेळा विकली गेली, दोनदा ठोकली गेली, एकदा पुरात बुडाली, तरी तिला उचलून खालून बघण्याचं बंधन कुणावर नाही. जुलै २०२१ मध्ये चिपळूण, महाड पाण्याखाली गेलं, तेव्हा किती गाड्या छपरापर्यंत बुडाल्या हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं. त्या गाड्या आज कुठे आहेत? पाण्यात राहिलेल्या एअरबॅगच्या तारा आणि सेन्सर कुणी तपासले? गाडीच्या नोंदणीवर तसा एक शब्दही लिहिलेला नसतो. न्यूझीलंडमध्ये नुकसान झालेल्या अवस्थेत आलेल्या गाडीच्या नोंदीवर तसा शिक्का राहतो. पुढच्या प्रत्येक खरेदीदाराला तो दिसतो.

मागे आमच्याकडे रात्री एक अपघात आला. पस्तिशीच्या आतला तरुण. तीन महिन्यांपूर्वीच घेतलेली जुनी गाडी, समोरून धडक. त्याने पट्टा लावलेला होता. तरी छातीला स्टिअरिंगचा मार इतका जबर होता की आम्हाला फार काही करता आलं नाही. पहाटे त्याचे वडील मला म्हणाले, "डॉक्टर, गाडीत एअरबॅग होती ना? विकणाऱ्याने दाखवली होती." दोन दिवसांनी समजलं की एअरबॅगच्या जागी नुसतं झाकण होतं. आधीच्या कुठल्या तरी अपघातात ती फुटली होती आणि नवी बसवायचा खर्च वाचवला गेला होता. धोक्याचा दिवा लागू नये म्हणून सर्किटमध्ये काहीतरी जोडून तोही गप्प केला होता. एअरबॅग असती तर तो वाचलाच असता, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण त्याला संधी मिळाली असती. त्याच्या वडिलांना काय उत्तर द्यावं, ते मला त्या दिवशीही सुचलं नाही आणि आजही सुचत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. वापरलेली गाडी हस्तांतरित होताना तिची एकदा सुरक्षा तपासणी झालीच पाहिजे. सगळ्या गाड्यांना जमत नसेल तर किमान पाच-सहा वर्षांहून जुन्या गाड्यांपासून सुरुवात करावी. सांगाडा, ब्रेक, पट्टे, एअरबॅग एवढंच पाहायचं. त्यासाठी नवं खातं उभारायची गरज नाही. स्वयंचलित वाहन तपासणी केंद्रं उभी राहत आहेत आणि त्या केंद्रांनी दुरुस्तीचा किंवा विक्रीचा धंदा करायचा नाही, असा नियमही आहे. जो तपासेल त्याने दुरुस्त करायचं नाही, हे तत्त्व चांगलंच आहे. लॅबवाल्यानेच औषध विकायला सुरुवात केली तर रिपोर्टवर विश्वास कसा ठेवायचा?

दुसरं, चासी नंबर टाकताच त्या गाडीचा सुरक्षेसाठीचा रिकॉल बाकी आहे की नाही, हे आरटीओच्या पडद्यावर दिसलं पाहिजे. बाकी असेल तर तो पूर्ण होईपर्यंत नाव बदलू नये. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात रिकॉलची तरतूद आली आणि २०२१ पासून त्याचे नियमही लागू झाले. पण सरकारला सक्तीचा रिकॉल लावता येतो तो सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना. ताकाताच्या एअरबॅगसारखा दोष मात्र वयाबरोबर वाढतो. म्हातारपणाचा आजार तरुणांच्या वॉर्डातच शोधण्यासारखं आहे हे. तिसरं, विमा कंपनीने पूर्ण नुकसान म्हणून निकाली काढलेल्या आणि पुरात बुडालेल्या गाडीची नोंद आरसीवर कायमची राहिली पाहिजे.

यावर काय आक्षेप येतील ते मला माहीत आहे. आणखी एक खिडकी, आणखी एक शिक्का, आणखी एक हात ओला करायची जागा. पीयूसीचा आपला अनुभव पाहता हा संशय अगदीच चुकीचा नाही. पण पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये घोळ होतो म्हणून आपण रक्त तपासणं बंद करत नाही, लॅब सुधारतो. यंत्राचे आकडे थेट नोंदणीच्या पोर्टलवर जावेत, गाडीच्या पोटाचे फोटो खरेदीदाराला पाहता यावेत, म्हणजे घोळ करणं अवघड होईल. दुसरा आक्षेप खर्चाचा. जुनी गाडी घेणारा माणूस काटकसर करूनच ती घेतो. त्याच्यावर आणखी बोजा का? हा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. म्हणूनच तपासणीचं शुल्क विकणाऱ्यावर किंवा व्यवहार करून देणाऱ्या डीलरवर असावं. आणि एक आठवण करून देतो. मांडीचं हाड मोडून आलेल्या कमावत्या माणसाचं घर किती महिने बसतं, ते आमच्या वॉर्डात येऊन पाहा. उपचार सरकारी असले तरी बुडालेली मजुरी सरकार भरून देत नाही.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी चार गोष्टी. चावी फिरवताच एअरबॅगचा दिवा लागला पाहिजे आणि काही सेकंदांत विझला पाहिजे. तो लागतच नसेल तर आनंद मानू नका, संशय घ्या. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बघा. टोकाला चिखलाची रेघ किंवा ओलीचा डाग दिसला तर गाडी पाण्यात गेलेली असू शकते. चासी नंबर घेऊन कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये रिकॉलची चौकशी करा. बदलायचा भाग निघाला तर तो कंपनी मोफत बदलून देते. आणि पैसे देण्याआधी गाडी तुमच्या ओळखीच्या मेकॅनिककडे रॅम्पवर चढवून खालून बघा. विकणारा याला नाही म्हणत असेल, तर उत्तर तिथेच मिळालं.

भाचीच्या गाडीची दुरुस्ती शेवटी झाली. गंजलेला भाग कापून नवा जोडला, तज्ज्ञाने दाखला दिला, दुसऱ्या फेरीत गाडी पास झाली. पैसे गेले, वेळ गेला, घरात थोडी वादावादीही झाली. मग एक दिवस तिचा फोटो आला. मागच्या सीटवर तीन वर्षांचा नातू आपल्या खुर्चीत बसलेला आणि खुर्चीचा वरचा पट्टा नव्या बोल्टला घट्ट अडकवलेला. खाली लिहिलं होतं, "मामा, गाडी अजून जपानीत बोलते. पण खालून दाखवायला आता लाज वाटत नाही."

मी फोटो दोन बोटांनी मोठा करून आधी तो बोल्टच पाहिला. नातवाचं तोंड नंतर.